वाचकांचे प्रश्न : राजवाडा, रूळ आणि रेसिडेन्सी

राजवाडा आणि त्याच्या आसपासच्या जुन्या इंदुराबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. रस्तारुंदी आणि पुण्याची गाडी या दोन विषयांवर सर्वांत जास्त पत्रं आली, म्हणून ती उत्तरं लांब आहेत. बाकीची आटोपशीर.

राजवाडा सोडून भलत्याच मोहल्ल्याला ‘जुनी इंदूर’ का म्हणतात? मुलांना गावाची सुरुवात राजवाड्यापासून झाली असंच वाटतं.
– सौ. अ. दे., सुदामानगर

कारण गाव खरंच राजवाड्याच्या आधीचं आहे. खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठची जमीनदारांची वस्ती ती जुनी इंदूर. परगण्याचं ठाणं आधी कंपेलला होतं. राव नंदलाल मंडलोई या जमीनदारांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते इथं हलवलं आणि बाजार वाढू लागला. होळकर माळव्यात आले ते त्यानंतर. थोरल्या मल्हाररावांचा वाडा शतकाच्या मध्यास उभा राहिला, तोही जुन्या वस्तीत न घुसता तिच्या उत्तरेला, मोकळ्या जागी. त्यांच्या फौजेचा तळ पडायचा तो भाग आज मल्हारगंज. म्हणजे जमीनदारांचं गाव एकीकडे, सरदारांची छावणी दुसरीकडे आणि मधे नदी. कृष्णपुऱ्याच्या पुलावर संध्याकाळी सहाला अडकून पडलात, तर दोष या मांडणीला द्या.

राजवाड्याचे मजले सात. खालचे तीन दगडी, वरचे लाकडी, आणि म्हणूनच तो तीनदा जळला. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैन लुटल्याचा सूड म्हणून शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर जाळलं. १९०८ मध्ये पुन्हा आग लागली आणि तिसरी १९८४ च्या दंगलीत. आज समोरून दिसतो तो दरवाजा जुना. मागचा बराच भाग नव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे. मुलांना दाखवताना चौकात उभं करून आधी दगडाचे मजले मोजायला लावा, मग लाकडाचे. आग कुठवर पोचत असेल ते सांगावं लागत नाही.

अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर होती, इंदूर नव्हे. राजधानी इथं आली १८१८ मध्ये.

रीगल ओलांडलं की गावच बदलतं. रस्ते रुंद, बंगले, झाडं. राजवाड्याकडे मात्र बोळ. एकाच शहरात असं का?
– एक वाचक, रामबाग

कारण ते दीर्घकाळ एक शहर नव्हतंच. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांची फौज हरली आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. तहाने होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि तिच्या शेजारी इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारावर नजर ठेवणारा प्रतिनिधी, तोही येऊन बसला. रेसिडेन्सीच्या हद्दीत होळकरांचा अंमल चालत नसे. तिथले बंगले, बाजार, शिपाई सगळं वेगळं. संयोगितागंज हे नाव कागदोपत्री. बोलताना आपण अजून ‘छावणी’च म्हणतो, ते त्या काळापासून.

पुढे या दोन हद्दींच्या मधून रेल्वे गेली. स्टेशनच्या पश्चिमेला सियागंज, राणीपुरा, म्हणजे घाऊक बाजार. पूर्वेला छोटी ग्वालटोली, रीगल. आग्रा-मुंबई रस्ता, आपला एबी रोड, तोही रुळांच्या पूर्वेने. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून लांब पल्ल्याची रहदारी रेसिडेन्सीच्या बाजूने आणि माल उतरवण्याची वर्दळ राजवाड्याच्या बाजूने अशी वाटणी झाली. ती अजून मोडलेली नाही. शहराच्या वाहतुकीची जी योजना आली, तिने यातली एकच बाजू पकडली. खाली बीआरटीएसच्या, म्हणजे बसच्या राखीव मार्गिकेच्या, उत्तरात हे पुन्हा येईल.

एक गोष्ट मात्र होळकर दरबाराची. १८१८ नंतर उजाड गाव पुन्हा वसवलं ते दिवाण तात्या जोगांनी. त्यांचं खरं नाव विठ्ठल महादेव किबे. किबे कंपाउंडचा पत्ता सांगताना त्यांचंच आडनाव आपण घेत असतो.

पुण्याला जायला रस्ता सहाशे किलोमीटरचा, मग रेल्वे गुजरातमार्गे का फिरवते? वडील सांगतात की पूर्वी अकोल्याला थेट गाडी होती.
– कु. म. पा., लोकमान्यनगर, याच आशयाची आणखी पाच पत्रं

वडील बरोबर सांगतात. जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस इंदूर, महू, खंडवा, अकोला, पूर्णा अशी जायची. ही सगळी मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १,००० मिलिमीटर. आज देशाचं मुख्य जाळं ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. डबा, चाकं, पूल, बोगदे यातलं काहीच एकाचं दुसऱ्याला चालत नाही. अकोल्याच्या बाजूचं जाळं रुंद होत गेलं तसतशी आपली लाइन दोन्ही टोकांनी तुटत गेली.

लाइन मुळात कशी आली तेही पाहण्यासारखं आहे. खंडव्यापर्यंत मुंबईची रेल्वे आली होती. पुढे घाट चढून इंदूरला यायचं तर पैसा हवा. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने. व्याजच वर्षाला साडेचार लाख! १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या सरकारने नव्या लाइनी स्वस्तात उरकण्यासाठी मीटरगेजचं धोरण धरलं होतं. ‘होळकर स्टेट रेल्वे’ त्याच धोरणात बसली आणि महूपर्यंतचा घाट १८७८ च्या सुरुवातीला खुला झाला. लहान गेजला वळणं आखूड घेता येतात, खडक कमी फोडावा लागतो. त्या वेळी हिशेब योग्यच होता.

अडचण निघाली ती याच घाटात. पाताळपाणी ते कालाकुंड हा तुकडा ४० ला १ चढाचा आहे, म्हणजे ४० मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. मीटरगेजच्या हलक्या गाड्या मागून दुसरं इंजिन लावून तो चढत. ब्रॉडगेजच्या वीस-बावीस डब्यांच्या गाडीला किंवा मालगाडीला एवढा चढ परवडत नाही. उतरताना ब्रेकवर भरवसा ठेवावा लागतो आणि चढताना चाकं घसरतात. म्हणून महू-खंडवा रुंद करायचं म्हणजे आहे त्याच जागी रूळ सरकवणं नाही. चढ सौम्य करायचा तर लाइन लांबवून, डोंगराला वळसा घालून, बोगद्यांतून न्यावी लागते. शिवाय मधे जंगल. कामाला इतकी वर्षं लागतात ती या कारणाने. जुन्या तुकड्यावर २०१८ च्या डिसेंबरपासून सहलीची हेरिटेज गाडी धावते. त्या गाडीने गेलात तर पाताळपाणी सोडल्यावर रुळांकडे पाहा, उतार नुसत्या डोळ्यांनी कळतो. कालाकुंडला कलाकंद पळसाच्या पानात मिळतो, हे सांगायची गरज नसावी.

तोपर्यंत पुण्याची गाडी रतलाम, वडोदरा, सुरत, वसई, कल्याण अशी फिरून जाते. अंतर नऊशे किलोमीटरच्या वर. तिकीट काढताना एक चूक नेहमी होते: सुटीच्या दिवसांत पुण्याचं थेट आरक्षण मिळालं नाही की लोक हताश होतात. मुंबईची अवंतिका धरून पुढे मुंबईहून पुण्याच्या भरपूर गाड्या आहेत. फक्त अवंतिका मुंबई सेंट्रलला जाते आणि पुण्याच्या गाड्या बहुतेक सीएसएमटी किंवा दादरहून सुटतात, तेव्हा मधे किमान दोन तास ठेवा. बोरिवलीला उतरून टॅक्सी करण्याचा मोह टाळा.

खरा उपाय म्हणजे इंदूर-मनमाड लाइन. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी, नवी स्टेशनं ३०, ठरवलेली मुदत २०२८-२९. मार्ग महू, ठीकरी, जुलवानिया, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, मनमाड असा एबी रोडला धरून. मनमाडहून दौंडमार्गे पुणे सरळ आहे. मुदतीवर विसंबून कोणी लग्नाची तारीख ठरवू नये. सेंधव्याचा घाट हाही घाटच आहे.

बीआरटीएस आधी बांधली, मग तोडायला काढली. चूक कोणती होती, बांधणं की तोडणं?
– श्री. ग. वा. ख., पलासिया

आमच्या मते चूक तिसरीच होती. पण आधी रचना.

निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, एबी रोडवर सुमारे साडेअकरा किलोमीटर. १० मे २०१३ ला आयबस धावू लागली. रस्त्याच्या मधल्या दोन मार्गिका जाळी लावून फक्त बसला, थांबे मधोमध, म्हणून बसला उजव्या बाजूलाही दारं. दोन्ही कडांना बाकीची रहदारी. बसगाड्या खासगी ठेकेदारांच्या. मार्ग, भाडं, तिकीट आणि देखरेख सिटी बस कंपनीची, म्हणजे एआयसीटीएसएलची. ही कंपनी २००५-०६ पासूनची. त्याआधी आपण टेंपो आणि नगरसेवेत कसे कोंबून जायचो ते चाळिशी ओलांडलेल्यांना आठवतच असेल.

लोकांचा राग एका दृश्यावर होता: आपण सिग्नलला दाटीत उभे आणि शेजारची बसची मार्गिका मोकळी. पण मोकळी दिसणं आणि वाया जाणं वेगळं. ढोबळ हिशेब करा. सिग्नलवर निम्मा वेळ हिरवा असेल तर एका मार्गिकेतून तासाला साधारण ९०० मोटारी निघतात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर १,३५०. त्याच मार्गिकेतून दर दोन मिनिटांनी एक बस, साठ माणसं भरून, म्हणजे तासाला १,८००. आणि मार्गिका बहुतेक वेळ मोकळीच दिसणार! मात्र बस दर दोन मिनिटांऐवजी सहा मिनिटांनी आली की हाच आकडा ६०० वर येतो आणि मोटारवाल्याचा राग रास्त ठरतो. सगळं बसच्या संख्येवर होतं, रस्त्यावर नव्हे.

तिसरी चूक ही. ती एकच रेघ होती आणि तीही रुळांच्या पूर्वेला. सराफा, सीतलामाता बाजार, बर्तन बाजार, सियागंज, जिथे माणूस रोज कामाला जातो, तिकडे आयबस जात नव्हती. पलासियाला उतरून राजवाड्यासाठी मॅजिक (छोटी प्रवासी व्हॅन) किंवा ऑटो धरावी लागे. दोनदा भाडं, दोनदा वाट पाहणं. ज्याच्याकडे दुचाकी आहे तो हे का करील? शिवाय थांबा रस्त्याच्या मधोमध असल्याने चढायला अर्धा रस्ता ओलांडायचा आणि उतरल्यावर पुन्हा अर्धा. म्हाताऱ्या माणसाला तेच भारी.

राज्य सरकारने ती काढायचं ठरवलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने काढायला परवानगी दिली. आता बस पुन्हा डाव्या कडेला आली. डावी कड म्हणजे ऑटो, ठेले आणि थांबलेल्या मोटारी. बस दर थांब्याला आत वळते आणि बाहेर पडताना रहदारीत घुसायला झगडते. थांब्याच्या मागे-पुढे मिळून तीस-चाळीस मीटर जागा मोकळी ठेवायला माणूस लावला नाही, तर जाळी काढून मिळालेली रुंदी तिथेच खर्च होईल.

मेट्रो राजवाड्याखालून नेल्याने वाड्याला धोका आहे का?
– चि. ओ. कु., बारावी, मल्हारगंज

बोगदा खोदण्यापेक्षा स्टेशन बांधण्याचा प्रश्न मोठा. बोगद्याचं यंत्र जमिनीखाली बरंच खोल चालतं आणि मागोमाग काँक्रीटची कडी बसवत जातं, त्यामुळे वर हादरा कमी पोचतो. स्टेशनसाठी मात्र वरून खड्डाच करावा लागतो: बाजूच्या भिंती आधी, मग माती काढणं, मग छत. त्याला मालमोटारी उभ्या राहायला अंगण लागतं. राजवाड्यासमोर तसं अंगण फक्त उद्यानाचं आहे. दुसरं म्हणजे खड्ड्यातून पाणी उपसलं की आजूबाजूची माती आखडते आणि जुन्या इमारती एका बाजूने खचतात. दगडी पायाच्या वाड्याला थोडं खचणं सोसतं, पण एका कोपऱ्यात खचलेलं सोसत नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी प्रत्येक जुन्या भिंतीवरच्या भेगा मोजून, काचेच्या पट्ट्या चिकटवून नोंद ठेवायची असते. पट्टी तडकली की भेग हलली असं समजायचं. तुमच्या घराला जुनी भेग असेल तर आजच तारखेसह फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून.

सध्या सुपर कॉरिडॉरवरचा पाच स्टेशनांचा तुकडा चालू आहे, ३१ मे २०२५ पासून. तिकडे वस्ती विरळ, म्हणून गाड्या रिकाम्या. गर्दी आहे ती राजवाड्याला, आणि तो तुकडा शेवटी.

रस्तारुंदीत आमच्या वाड्याची पुढची सहा फूट जाणार आहेत. काय सांभाळावं?
– नाव न देण्याच्या विनंतीवरून, जुना शहर भाग

हे उत्तर दोन भागांत. कागद आणि लाकूड.

कागद आधी. साठ फुटी रस्ता म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे तीस-तीस. सगळं भांडण त्या मधल्या रेषेचं असतं. रेषा कुठून धरली ते नकाशावर दाखवायला सांगा, आणि जागेवर खूण केल्यावर समोरच्या घरापर्यंत फीत लावून स्वतः मोजा. दोन्ही बाजूंची बेरीज साठ येते का ते पाहा. खूण रंगाने भिंतीवर करतात. तिचा फोटो घ्या, कारण पावसात ती पुसते आणि दुसऱ्यांदा केलेली खूण कधी कधी आत सरकते. मोजमापाचा पंचनामा सहीने घ्या. मोबदला रोख मिळेलच असं नाही. जास्तीचा बांधकाम हक्क किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायचा बांधकाम हक्क, देऊ करतात. टीडीआर विकता येतो, पण घेणारा मिळेपर्यंत तो कागदच असतो. घरात भाडेकरू असेल तर त्याचं नाव पंचनाम्यात येऊ द्या, लपवू नका.

आता लाकूड. जुन्या घराची पुढची भिंत नुसती भिंत नसते. वरच्या मजल्याच्या कड्या, म्हणजे आडवे लाकडी वासे, तिच्यावर एक टोक ठेवून असतात, दुसरं टोक आतल्या खांबांवरच्या तुळईवर. पुढची सहा फूट कापली की कड्यांचं पुढचं टोक हवेत लोंबकळतं. त्या दिवशी काही होत नाही. पहिल्या मोठ्या पावसात माती-चुन्याची गच्ची पाणी पिऊन जड होते आणि मग वरचा मजला पुढे वाकतो.

म्हणून क्रम उलटा हवा. भिंत पाडण्याआधी नव्या रेषेवर आधार उभा करायचा. दोन्ही बाजूंच्या आडव्या भिंतींलगत एकेक खांब आणि त्यांवर कड्यांच्या खालून आडवी लोखंडी तुळई. प्रत्येक कडी तुळईवर किमान चार इंच टेकली पाहिजे. जिथे फट राहील तिथे सागाची पाचर, विटेचा तुकडा नको, तो चुरतो. मधे जॅकचे टेकू. मगच वरून खाली, गच्चीपासून तोडत यायचं. यंत्राने खालून धडक दिली की अख्खी भिंत कड्यांना ओढून घेऊन पडते, आणि शेजारचीही.

नव्या खांबाचा पाया हीच सर्वांत फसवी जागा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन फुटांवर पाया टाकून गवंडी मोकळा होतो आणि पुढच्या वर्षी खांब अर्धा इंच वर येतो. शटर अडकायला लागलं की समजा. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोल जायचं, मग ते चार फूट असोत की सात. जुन्यांनी काळ्या दगडाचं रुंद जोतं घातलं ते हौसेने नव्हे.

विजेचा मीटर, नळाची जोडणी आणि सांडपाण्याची कुंडी पुढच्या सहा फुटांतच असते. त्यांची हलवाहलव आधी अर्ज देऊन करा. तोडल्यानंतर अर्ज दिला तर मधले पंधरा दिवस घरात पाणी नसतं.

विधानसभेच्या यादीत नाव होतं, महापालिकेच्या वेळी नव्हतं. कसं?
– सौ. रा. भा., राजेंद्रनगर

कारण याद्या दोन. विधानसभा-लोकसभेची यादी भारत निर्वाचन आयोगाची; महापालिकेची राज्य निर्वाचन आयोगाची, वार्डवार. दुसरी पहिलीच्या आधाराने बनते, पण तुमचा भाग कोणत्या वार्डात टाकायचा हे नव्याने ठरतं आणि तिथे घोळ होतो. एक घर एका वार्डात, समोरचं दुसऱ्यात, हे नेहमीचं. इंदुरात वार्ड ८५. वार्डवार कच्ची यादी प्रसिद्ध होते तेव्हाच पाहायची. हरकत देता येते ती त्याच दिवसांत.

घर बदललं असेल तर नवा अर्ज क्रमांक ६ भरू नका, त्याने दोनदा नाव येतं. स्थलांतरासाठी फॉर्म ८. यादीत नाव शोधायला विधानसभा क्रमांक, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असे तीन आकडे लागतात. शहरातल्या पाच जागांचे क्रमांक २०४ ते २०८, इंदूर-१ ते इंदूर-५ या क्रमाने. राऊ २१०. राजवाडा इंदूर-३ मध्ये, गिरण्यांचा भाग इंदूर-२ मध्ये. महू (२०९) जिल्हा इंदूरचा असूनही लोकसभेला धार मतदारसंघात मोडतो; तिथले नातेवाईक आपल्या खासदाराला मत देत नाहीत, हे दर निवडणुकीत कोणालातरी नव्याने कळतं.

महापालिकेत मतं दोन द्यायची असतात, महापौराला एक आणि पार्षदाला (नगरसेवकाला) एक. मधे महापौर पार्षदांनी निवडायचा असं ठरलं होतं, ते २०२२ मध्ये बदलून पुन्हा थेट निवडणूक झाली. आधीची मुदत २०२० मध्येच संपली होती. दोन वर्षांहून जास्त काळ शहराला निवडलेला महापौर नव्हता आणि तरी कचरागाडी वेळेवर यायची. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

इंदूरच्या राजकारणात मराठी माणसाचं वजन होतं म्हणतात. होतं की आहे?
– श्री. वि. स. जो., नारायणबाग

होतं, आणि ते मतांच्या संख्येपेक्षा जास्त होतं. सरवटे बसस्टँडचं नाव रोज घेतो, ते विनायक सीताराम तथा तात्यासाहेब सरवटे संविधान सभेचे सदस्य होते. १९६६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. सुमित्रा महाजन, माहेर चिपळूण, १९८९ मध्ये प्रकाशचंद्र सेठींना हरवून लोकसभेत गेल्या आणि २०१४ पर्यंत ओळीने आठ वेळा निवडून आल्या. २००९ मध्ये मताधिक्य जेमतेम ११,४८० होतं, २०१४ मध्ये ४,६६,९०१. नंतर त्या लोकसभाध्यक्ष झाल्या. त्याआधी, १९८५ मध्ये, विधानसभेला त्या हरल्या होत्या, तेही इंदूर-३ मध्ये, म्हणजे राजवाड्याच्याच जागेवर.

मात्र शहराचं दुसरं राजकारण गिरण्यांचं होतं. १९६२ मध्ये इथून होमी दाजी खासदार झाले ते कामगारांच्या जोरावर. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांची थकबाकी, २२४ कोटी, सुटली २०२३ च्या डिसेंबरात. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) तेवढ्या गिरण्यांच्या नावाने अजून निघतात.

आणि २०२४ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर ‘नोटा’ला २,१८,६७४ मतं पडली. विजयी उमेदवार आणि दुसरा यांत ११,७५,०९२ चं अंतर. आता वजन कोणत्याच एका समाजाचं राहिलेलं नाही. मराठी मोहल्ले रामबाग, लोधीपुऱ्यातून सुदामानगर, लोकमान्यनगराकडे पांगले, तसं मतही पाच विधानसभांत पांगलं.

स्वच्छतेत इंदूर पहिलं येतं. हे आत्ताचंच का?
– शालेय वाचक, जेल रोड

पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला होळकर दरबाराने बोलावलं होतं. त्याचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. प्लेगचे दिवस होते. त्याने दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं की नेहमीचा रस्ता सोडून, जिथली घरं जास्तीत जास्त साफ आणि रंगवलेली असतील त्या गल्ल्यांतून ती जाईल. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमाही होती. लोकांनी घरं झाडली! जुन्या गल्ल्या सरळ पाडून रुंद करण्याला मात्र त्याचा विरोध होता. पडकं घर काढून जागा मोकळी करा, बाकी ठेवा, असं त्याचं म्हणणं.

धारला जायला सरवटे बसस्टँड की गंगवाल?
– अनेक वाचक

गंगवाल.

रंगपंचमीला टोरी कॉर्नरची गेर (रंगांची मिरवणूक) पाहायला राजवाड्यापर्यंत मोटार नेता येईल का?
– पाहुणे, पुणे

नाही. नेली तर संध्याकाळपर्यंत निघणार नाही, आणि निघेल तेव्हा तिचा रंग तुम्ही विकत घेतलेला नसेल. स्टेशनच्या बाजूला कुठेतरी ठेवा आणि चालत या. कपडे टाकायचेच घाला.